एडीएचडीची गोळी आपले फॅमिली डॉक्टर देतील का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "रीलमधली सगळी लक्षणं मला लागू पडतात. मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडनंच तपासून गोळी घेतली तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर सांगतो. निदानाच्या कामात फॅमिली डॉक्टर आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त उपयोगी आहेत. गोळीच्या बाबतीत मात्र त्यांचे हात बरेच बांधलेले आहेत. आता हे दोन्ही नीट बघू.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवायला अडचण, अति चंचलपणा, उतावळेपणा. कुणात एक जास्त, कुणात दुसरं. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ते दिसत नाही. डॉक्टर ज्या निकषांवर निदान करतात, त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या: त्रास किमान सहा महिने आहे का, काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, आणि ती घरी एक, कॉलेजात किंवा कामावर एक, अशी किमान दोन ठिकाणी दिसतात का. म्हणजे फक्त परीक्षा जवळ आली की पुस्तकात लक्ष लागत नाही, एवढ्यावर एडीएचडी ठरत नाही.

आता बघा, बाराव्या वर्षाआधीचं कोण सांगणार? आई-वडील, शाळेचं प्रगतिपुस्तक, आणि तुम्हाला तिसरीत असल्यापासून ओळखणारे डॉक्टर! पहिल्यांदाच भेटणाऱ्या तज्ज्ञाकडे ही माहिती नसते.

दुसरं काम चाळणीचं. झोप पुरी होत नाही, थायरॉइड बिघडलाय, रक्त कमी आहे, चिंता किंवा नैराश्य आहे, तरी लक्ष लागत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि दिवसभर मावा, यावर एडीएचडीचा शिक्का मारून कसं चालेल? हे तपासणं फॅमिली डॉक्टरांना सहज जमतं. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक प्रश्नावलीही आहे. पण तिच्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, पुढं नीट तपासायला हवं एवढाच त्याचा अर्थ. आणि ते नीट तपासणं बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना पाच मिनिटांत होत नाही.

आता गोळी. एडीएचडीवर जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये येतं, आणि 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यातली एक औषध दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. ते विकायला वेगळा परवाना लागतो आणि साठा कुलपात ठेवावा लागतो. त्यामुळं प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्सची औषधं ऑनलाइन तपासणीवर लिहून देता येत नाहीत. म्हणून मित्राची गोळी "एमपीएससीच्या अभ्यासापुरती" घेणं म्हणजे तब्येतीचा आणि कायद्याचा, दोन्हीचा खेळ. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध या यादीत नाही, पण तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

बाहेर काय चाललंय? ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं 2025 मध्ये फॅमिली डॉक्टरांना यात आणायचं ठरवलं. आधी प्रशिक्षण. मग ज्यांचं औषध व्यवस्थित बसलंय, त्यांची पुढची चिठ्ठी फॅमिली डॉक्टर देणार. निदान करून औषध सुरू करण्याचं काम त्याहून कमी, जास्त शिकलेल्या डॉक्टरांकडे. कारण तिथंही तज्ज्ञांकडे लांबलचक रांग आणि मोठा खर्च.

ही विभागणी मला आपल्याकडेही पटते. चंदगडच्या पोरानं दर महिन्याला शंभरेक किलोमीटर प्रवास करून फक्त वजन आणि बीपी मोजायला कोल्हापूरला यायचं? या औषधानं भूक आणि झोप कमी होऊ शकते, नाडी आणि बीपी वाढू शकतं. निदान आणि डोस तज्ज्ञांनी ठरवावा, ही देखरेख गावातल्या डॉक्टरांनी करावी, आणि दोघांनी एकमेकांशी बोलावं. मात्र डॉक्टरांच्या बोर्डवरची डिग्री वाचा. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांचं शिक्षण वेगळं आहे, आणि अशा औषधाच्या बाबतीत तो फरक लहान नाही.

मग तुम्ही काय करायचं? दोन आठवडे झोपेची वेळ लिहून ठेवा. कुठं-कुठं अडतंय त्याची खरी उदाहरणं लिहा. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. आईला विचारा, "मी लहानपणी कसा होतो, कशी होते?" हे सगळं घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा, जमलं तर गर्दी नसलेल्या वेळी. "मला गोळी द्या" म्हणू नका. "हे असं होतंय, आधी दुसरं काही नाही ना ते बघा, आणि गरज असेल तर तज्ज्ञांना चिठ्ठी द्या" असं सांगा. सरकारी वाट हवी असेल तर आपल्या सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे.

आणि एक सांगतो. "आळशी आहेस" हे ऐकत मोठी झालेली पोरं आपल्यात भरपूर आहेत. त्यातल्या काहींना खरंच एडीएचडी असेल, काहींना दुसरंच काही. दोघांनाही रीलवरनं उत्तर मिळणार नाही, नीट तपासणी लागेल. तिची सुरुवात गल्लीतल्या दवाखान्यातनं होऊ शकते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!