घरच्या कॉम्प्युटरचा बोर्ड

झायलॉगचा झेड-८० प्रोसेसर १९७६ साली बाजारात आला. २०२४ मध्ये कंपनीने त्याच्या मूळ चिपच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. तरी घरी कॉम्प्युटर बनवायला बसलेली हौशी मंडळी आजही या ४० पिनांच्या चिपकडे वळतात. १६ अ‍ॅड्रेस लाइन, ८ डेटा लाइन, ६४ किलोबाइट मेमरी. सगळं एकट्या माणसाला समजतं. इंजिनिअरिंगला ८०८५ शिकलेल्यांना तर तो ओळखीचाच वाटेल.

सर्किट कागदावर काढणं फारसं अवघड नाही. कस लागतो तो बोर्ड आखताना. कागदावर डेटा लाइन शून्य ते सात अशा शिस्तीत असतात. चिपवर मात्र सातव्या पिनपासून ४, ३, ५, ६, मग मध्येच पाच व्होल्टचा पुरवठा, पुढे २, ७, ०, १! शेजारची रॅम क्रमाने चालते. दोघींना जोडताना ट्रॅक एकमेकांना आडवे येतात आणि बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला जायला भोकं पाडावी लागतात.

इथे एक सवलत आहे. रॅमच्या डेटा लाइन आपसात बदलल्या तरी बिघडत नाही, कारण बिट ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने परत येतो. अ‍ॅड्रेस लाइनचंही तेच. रॉमला ही मुभा नाही. तिच्यातला मजकूर आधीच ठरल्या क्रमाने भरलेला असतो. अ‍ॅपलच्या फ्लॉपी ड्राइव्हचं कार्ड आखताना अशी भोकं कमी व्हावीत म्हणून स्टीव्ह वॉझ्नियॅकने पुरी झालेली आखणी मोडून नव्याने केली होती. हा हट्ट मला पटतो. ट्रॅक आपोआप आखणाऱ्या ऑटोराउटरला तो नसतो.

नवखे हमखास फसतात ते कपॅसिटरपाशी. सर्किटच्या कागदावर ०.१ मायक्रोफॅरडचे सगळे कपॅसिटर एका कोपऱ्यात रांगेत काढलेले असतात. बोर्डावर प्रत्येकाची जागा आपापल्या चिपच्या पुरवठ्याच्या पिनला लागून. ते लांब राहिले, तर कॉम्प्युटर कधी चालतो, कधी अडकतो, आणि दोष बिचाऱ्या प्रोग्रॅमवर येतो.

आखणीसाठी किकॅड हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ज्याँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला. ट्रॅकमधलं अंतर ते तपासतं, पण तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सॉकेट त्या भोकांत बसेल का, हे त्याला कळत नाही. म्हणून फाइल कारखान्यात पाठवण्याआधी बोर्ड मूळ मापात कागदावर छापा आणि एकेक सुटा भाग त्यावर ठेवून बघा.