टँकरचा रकाना

रात्रीची गोळी द्यायची नाही, सकाळचीही नाही, असं पुण्याहून फोनवर दोनदा बजावलं होतं. कंपवाताच्या संशोधनात नाव दिलेल्या माणसाला डॉक्टर आधी औषधाविना पाहतात. निदान बारा तास सिंडोपाची गोळी पोटात नसली की आजार मुळात किती आहे ते उघडं दिसतं. हे त्यांच्या देखरेखीखालीच करायचं. मनानं गोळी बंद करणं धोक्याचं असतं. एरवी एसटीची पायरी एकट्यानं चढणाऱ्या माझ्या वडिलांसाठी, तात्यांसाठी, त्या दिवशी गाडी ठरवावी लागली. दहिवडी सोडून मोगराळे घाट उतरलो, फलटणला चहासाठी थांबलो, तर तात्यांचा पाय गाडीतून बाहेरच येईना. आईनं खाली वाकून त्यांचं पाऊल हातानं उचललं आणि जमिनीवर ठेवलं. पुढचं पाऊल मग आपसूक पडलं.

तात्यांची तरुणपणाची वर्षं मेंढरांमागं गेली आणि नंतरची डाळिंबाच्या बागेत. हात थरथरायला लागला तेव्हा वयोमान म्हणून आम्ही बराच काळ गप्प बसलो. निदान झाल्यावर, जनुकांच्या अभ्यासासाठी रुग्ण हवेत हे कळलं तेव्हा नाव द्यायचं तात्यांनीच ठरवलं.

दवाखान्यात संमतीपत्र वाचून दाखवायला समन्वयक बाई बसल्या. थोडं वाचून त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सरळ बोलायला लागल्या. रक्त घेणार, त्यातून डीएनए काढून साठवणार, हजारो लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहणार. नावाच्या जागी क्रमांक असेल. कधीही नको वाटलं तर नाव काढून घेता येईल, त्यामुळं चालू उपचारात फरक पडणार नाही.

"ह्यानं माझा हात थांबंल का?" तात्यांनी विचारलं.

"नाही आजोबा. तुम्हाला स्वतःला यातून काही मिळणार नाही."

"मग घ्या की. रगताला काय तोटा न्हाय."

बाईंनी इतकं स्वच्छ 'नाही' म्हटलं, याचं मला फार मोल वाटतं. नव्या औषधाची चाचणी असते तेव्हा तर हे जास्तच नीट ऐकून घ्यावं लागतं, कारण आपल्या वाट्याला औषध आलंय की औषधासारखी दिसणारी निव्वळ गोळी, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि बहुतेकदा डॉक्टरलाही. अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक आणि संमतीपत्राची प्रत मागून घेण्यात संकोच करू नये. वाचता न येणाऱ्या माणसासमोर त्रयस्थ साक्षीदार बसवावा लागतो. तात्यांना वाचता येतं, सहीही येते. पण आता सहीतलं पहिलं अक्षर ठसठशीत उमटतं आणि पुढची बारीक होत होत शेवटचं दिसेनासं होतं. बाईंनी ती सही निरखून पाहिली. आजाराची ती एक खूणच असते.

मग डॉक्टर आले. समोर खुर्ची, बाजूला कॅमेरा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दहा वेळा आपटायची, शक्य तितकी फाकवून, शक्य तितक्या वेगानं. उजवा हात सुरू झाला तेव्हा बोटांत चांगलं अंतर होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला ते निम्म्यावर आलं, मग बोटं नुसती चिकटून थरथरत राहिली. डाव्या हातानं दहाही पूर्ण केल्या. मूठ उघड-मीट, पालथा-उताणा हात, टाच जमिनीवर ठेवून पायाचा चवडा आपटणं, हाताची घडी घालून खुर्चीतून उठणं, असं एकेक होत गेलं. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितके जास्त तितका त्रास जास्त. अशा तेहतीस नोंदी, मिळून जास्तीत जास्त १३२. जगभर हीच मोजपट्टी वापरतात. शेवटी डॉक्टर मागं उभे राहिले आणि सांगून-सवरून त्यांनी खांदे झटक्यात मागं ओढले. माणूस एखाददुसरं पाऊल मागं टाकून सावरतो. तात्या सावरले नाहीत, डॉक्टरांनी झेललं. आई खुर्चीतून अर्धी उठली होती.

त्यानंतर गोळी दिली. तासाभरानं तेच सगळं पुन्हा. तोच उजवा हात आता दहा वेळा उघडला, सावकाश, पण उघडला. गोळीनं रोज काय होतं ते घरात बघत होतोच. आधी आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर मात्र मला पहिल्यांदा कळलं, की तात्यांचा दिवस कशाच्या आधारावर उभा असतो.

जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत रक्त भरायला काही मिनिटं पुरली. खरा वेळ लागला प्रश्नावलीला, आणि तिथं तात्यांपेक्षा आईच बोलली. वास कधीपासून येत नाही? हात हलायच्या कितीतरी आधीपासून; चुलीवर भाकरी करपली तरी शेजारी बसलेल्या माणसाला पत्ता नसायचा. झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का? "मेंढरांत लांडगा आल्यागत वरडायचे, लाथा मारायचे. मी खाली हातरूण टाकत हुते." पोट साफ? तेही जुनंच दुखणं. थरथर दिसायच्या आधी कित्येक वर्षं या खुणा उमटू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. आईजवळ तो सगळा इतिहास होता, फक्त तो तिला याआधी कुणी विचारला नव्हता.

मग शेतीचे प्रश्न. फवारणी किती वर्षं केली? तोंडाला काही बांधत होता का? डाळिंबावर तेल्या आला की पाठीवर पंप घेऊन तात्या बागेत शिरायचे. कुठलं औषध ते डब्याच्या रंगावरून सांगू लागले. पिण्याचं पाणी कुठलं, याला नळ, विहीर, बोअर असे पर्याय होते. टँकर नव्हता. माणदेशात कित्येक उन्हाळे टँकरवर निघालेत. बाईंनी 'इतर'समोर तो शब्द लिहिला आणि पुढच्या वेळी वेगळा रकाना घालायला सांगते म्हणाल्या.

आमच्यासारख्यांनी जायला हवं ते यासाठी. कीटकनाशकं आणि विहिरीचं पाणी यांचा कंपवाताशी काय संबंध, हे जगात अनेक ठिकाणी तपासलं जातंय, पण अभ्यासाला तेवढीच माणसं ठाऊक असतात जी त्याच्यापर्यंत पोचतात, किंवा ज्यांच्यापर्यंत तो पोचतो. मुंबईत डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसं पाहिली. त्यांत ४६ जणांना कंपवात निघाला. १९८८ साली छापलेले ते आकडे आजही जगभर उद्धृत होतात. इटलीतल्या कोन्तुर्सी या लहानशा गावातल्या एका कुळानं, त्यातल्या अमेरिकेत गेलेल्यांनीही, रक्त दिलं. त्यातून १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष हाती लागला. त्याच वर्षी कळलं, की हेच प्रथिन सर्वसाधारण रुग्णांच्याही मेंदूतल्या पेशींत साकळलेलं असतं. आज औषधांचा मोठा शोध त्याच्याभोवती चाललाय. उलट आफ्रिकी वंशाच्या लोकांत सर्रास आढळणारा एक जनुकीय धोका २०२३ पर्यंत कुणाला दिसलाच नव्हता, कारण तोवर मुख्यतः युरोपीय वंशाचीच माणसं तपासली होती. भारतात आता लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या साथीनं 'लक्स-जायंट' या उपक्रमात १०,००० रुग्ण आणि १०,००० निरोगी माणसं गोळा करायचं उद्दिष्ट आहे. त्यांत माणदेशाचं कुणी नसेल तर आमच्या उन्हातलं, पाण्यातलं, रक्तातलं जे काही असेल ते निष्कर्षात उतरणार कुठून?

निरोगी माणसं तितकीच लागतात, हे आईला तिथंच कळलं. तिनं लगेच बाही वर केली. वय जुळत होतं, घर एक, पाणी एक. बाईंनी फॉर्म काढला आणि विचारलं, लग्नाआधी तुमचं काही नातं?

"मामाचीच पोरगी की मी त्यांच्या."

बाईंनी फॉर्म मिटला. तुलनेसाठी रक्ताचं नातं नसलेलाच माणूस चालतो. आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत, आणि वाडीवर राहिलेली बहुतेक घरं भावकीतली. आई हिरमुसली. परतताना लोणंदपासून घाट चढेपर्यंत ती मोठ्यानं एकेक नाव घेत होती आणि नातं निघालं की खोडत होती.

घरी आल्यावर तिनं दहिवडीतले एक निवृत्त एसटी कंडक्टर शोधून काढले. तात्यांच्याच वयाचे, नोकरीत कोल्हापूरकडून बदलून आलेले आणि इथंच राहिलेले; आमच्याशी सोयरीक नाही, पाणी मात्र तीसेक वर्षं हेच प्यालेले. त्यांनी आधी सुई केवढी असते ते विचारलं, मग पुण्याहून परतीची शेवटची गाडी किती वाजता ते स्वतःच सांगितलं, आणि मला म्हणाले, बाईंचा नंबर द्या.