लेकराची तक्रार ऐका!

"पोट दुखते, शाळेत जात नाही," असे लेकरू सकाळी म्हणते आणि रविवारी मात्र दिवसभर हुंदडते. आपण म्हणतो, ढोंग आहे! पण रोज पेन हरवतो, वही फाटते, डबा तसाच परत येतो, तेव्हा शाळेत कुणी छळते का, हे विचारले पाहिजे.

मस्करी आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि ज्याचा होतो तो दुबळा असल्याने त्याला उलट उत्तर देता येत नाही. म्हणूनच "तूही दोन लगाव" हा सल्ला निरुपयोगी ठरतो.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी भीमरावाला गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी ते उचलायला धाव घेतली. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा प्रसंग आपण जाणतो. त्या मुलांना विटाळ कुणी शिकवला? घराने!

मग आपल्या घरात काय शिकवले जाते? शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आले म्हणून आपल्या मुलाला कुणी हिणवले तर आपल्याला झोंबते. पण आपलेच लेकरू पोडावरच्या कोलाम मुलाच्या बोलीची नक्कल करत असेल, तांड्यावरच्या मुलीला हसत असेल, तर? त्यालाही तितक्याच ठामपणे थांबवले पाहिजे.

पालकांनी एवढे करावे. न रागावता विचारावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे. कोणत्या तारखेला काय घडले, ते वहीत लिहावे. वर्गशिक्षकांना भेटावे. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. एकट्याला संकोच वाटत असेल तर दोन पालक सोबत न्यावेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे हा विषय मांडता येतो. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी आहे. तो नंबर मुलांना पाठ करून द्यावा.

आणि एक. छळणारे एक-दोन असतात, बघून हसणारे वर्गभर असतात. हसणारे गप्प झाले की छळणाऱ्याचा जोर ओसरतो. तेव्हा आपल्या मुलांना सांगा, हसू नका, त्या एकट्याजवळ जाऊन बसा, आपला डबा त्याच्यासोबत खा.