उत्तर कोण देणार? (लेखांक ७) : मनाई हुकमाचा आडोसा

मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटकाच्या राजकारणात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. २ तारखेला कन्नड वृत्तवाहिन्यांनी जलसंपदा मंत्री रमेश जारकीहोळी यांच्याशी जोडलेली एक चित्रफीत दाखवली. चित्रफीत बनावट असल्याचे सांगत गोकाकच्या या आमदाराने दुसऱ्या दिवशी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ६ तारखेला त्याच मंत्रिमंडळातल्या सहा मंत्र्यांना बंगळुरूच्या सिटी सिव्हिल कोर्टाने साठाहून अधिक माध्यमसंस्थांविरुद्ध मनाई हुकूम दिला. आपली बदनामी करणारा मजकूर छापू नये, दाखवू नये, असा तो हुकूम. सहाही जण २०१९ मध्ये काँग्रेस किंवा जनता दल सोडून भाजपमध्ये आलेले, आणि त्या चित्रफितीशी एकाचाही संबंध नव्हता. राजीनाम्याची चर्चा खूप झाली, हुकमाची फारच थोडी. जबाबदारीच्या दृष्टीने मात्र मला हुकूम अधिक महत्त्वाचा वाटतो. समोरच्याचे न ऐकता मिळालेला असा हुकूम बातमी खरी की खोटी हे ठरवण्याची वाटच बंद करतो. त्यामुळे ज्या पुढाऱ्याने तो मागितला त्याच्यावरचा आणि ज्या पत्रकारावर तो बजावला त्याच्यावरचा, असा दोघांवरचाही लोकांचा विश्वास कमी होतो.

आधी हे कोर्टात घडते कसे ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ मध्ये तात्पुरत्या मनाईची तरतूद आहे. रूल ३ सांगतो की मनाई देण्याआधी प्रतिवादीला नोटीस द्यावी. नोटीस देईपर्यंत मनाईचा हेतूच फसेल असे कोर्टाला वाटले, तर कारणे लिहून एकतर्फी हुकूम देता येतो. रूल ३-अ प्रमाणे अशा एकतर्फी हुकमावरचा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा. शेजारी रातोरात भिंत पाडणार असेल तर ही सोय योग्यच आहे, कारण पाडलेली भिंत नोटिशीने परत उभी राहत नाही. हीच तरतूद बातमीला लावली की अपवादाचाच नियम होतो. बातमी उद्या येणार, म्हणून घाई आहे. घाई आहे, म्हणून नोटीस नको. कैफियत दाखल होण्याआधीच वादीला हवे ते मिळालेले असते. नुकसानभरपाई मागायची तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, नुसती मनाई मागितली तर ती नाममात्र असते. शिवाय इंटरनेटवरचा मजकूर सगळीकडे वाचता येतो, त्यामुळे दावा कोणत्या शहरात लावायचा हे बहुधा वादीच ठरवतो. दिल्लीच्या किंवा मंगळूरच्या एखाद्या छोट्या संकेतस्थळाने बंगळुरूत वकील लावून हुकूम उठवून घ्यायचा, तर त्याचा महिन्याचा खर्च त्यातच संपतो.

याहून बोलके उदाहरण २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचे आहे. बंगळुरू दक्षिणमधून भाजपचे तरुण उमेदवार तेजस्वी सूर्या उभे होते. मार्चअखेरीस सिटी सिव्हिल कोर्टाने ४९ माध्यमसंस्था आणि समाजमाध्यम कंपन्यांना त्यांच्याविषयी बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध करण्यास एकतर्फी मनाई केली. मतदान १८ एप्रिलला, मतमोजणी २३ मेला आणि कोर्टाने दिलेली पुढची तारीख २७ मेची! मतदाराने निर्णय घ्यायचा, निकाल लागायचा, आणि मग उमेदवाराविषयी काय छापता येते यावर युक्तिवाद सुरू व्हायचे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने मतदानाआधीच, एप्रिलमध्ये, तो हुकूम रद्द केला. पण उमेदवारी अर्जांपासून मतदानापर्यंत मोजकेच दिवस असतात, आणि त्यातले निम्मे या हुकमाखाली गेले होते.

हुकमाचा बचाव करणारे म्हणतात, मनाई फक्त बदनामीकारक मजकुराला आहे, सच्च्या पत्रकाराने घाबरायचे कशाला? ऐकायला हे पटते. पण मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे दाव्याच्या शेवटी ठरते, आणि हुकूम सुरुवातीलाच लागू होतो. मधल्या काळात निर्णय घेतो तो संपादकाशेजारी बसलेला वकील, आणि 'हे सोडून द्या' हा सल्ला त्याला सर्वात स्वस्त पडतो. मंत्र्याच्या खात्यातल्या निविदांची बातमी आणि मंत्र्याच्या खासगी आयुष्याची कुजबुज यांत हुकूम फरक करत नाही, त्यामुळे दोन्ही थांबतात. त्यातली कुजबुज व्हॉट्सअॅपवर चालूच राहते, कारण तिथे प्रतिवादी करायला कोणी सापडत नाही. राहते अडकून ती निविदांची बातमी.

मंत्र्यांना तरी यातून काय मिळाले? विधानसभेत विरोधकांनी साधा प्रश्न विचारला : काही केलेच नसेल तर कोर्टात का गेलात? त्यावर चिडून आरोग्यमंत्री के. सुधाकर म्हणाले की सर्व २२५ आमदारांच्या खासगी चारित्र्याची चौकशी होऊन जाऊ द्या. गदारोळ झाला, सर्वपक्षीय संताप झाला, आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. सहा नावे लोकांच्या तोंडी आणण्याचे काम कोणत्याही वाहिनीने केले नव्हते, ते दाव्याच्या पहिल्या पानाने केले.

खरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि त्याला बगल देणे योग्य नाही. खोटी बातमी माणसाचे जे नुकसान करते ते निकालाने भरून येत नाही, आणि यूट्यूबच्या काळात ते तासाभरात होते. कर्नाटकातल्या धर्मस्थळ या तीर्थक्षेत्राच्या प्रकरणात हे सर्वांनी पाहिले. जुलै २०२५ मध्ये एका माजी सफाई कामगाराने तिथे अनेक मृतदेह पुरल्याची तक्रार दिली आणि अफाट मजकूर वाहू लागला. राज्यसभा सदस्य आणि धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे यांच्या बंधूंनी बंगळुरूच्या कोर्टातून मनाई मिळवली. ३३८ प्रतिवादी आणि ८,८४२ दुवे, असा तिचा पसारा होता. पुढे ऑगस्टमध्ये तो तक्रारदारच खोट्या साक्षीच्या आरोपाखाली अटकेत गेला. मग मनाई बरोबरच होती, असे म्हणावे का? तक्रारदार अडकला तो मनाईमुळे नव्हे. सरकारने विशेष तपास पथक नेमले, तक्रारदाराने सांगितलेल्या जागा खणल्या, आणि त्याच्या सांगण्यातल्या विसंगती बाहेर आल्या. संशय फिटला, जितका फिटला तितका, तो खणल्यामुळे आणि त्याच्या बातम्या येत राहिल्यामुळे. मधेच, १ ऑगस्टला, उच्च न्यायालयाने 'कुडला रँपेज' या यूट्यूब वाहिनीच्या याचिकेवर तो हुकूम रद्द करून अर्ज नव्याने ऐकायला परत पाठवला होता. हुकूम पूर्ण ताकदीने चालू राहिला असता तर आरोप खोटा ठरवणारी माहितीही लोकांपर्यंत पोहोचणे कठीण झाले असते, आणि 'दडपले' हा समज कायमचा चिकटला असता.

नुकसान भरून येत नाही, हेही अर्धेच खरे आहे. २००८ मध्ये टाइम्स नाऊने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत चुकून न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र काही सेकंद दाखवले. सावंत यांनी पुण्यात दावा लावला आणि २०११ मध्ये जिल्हा न्यायालयाने १०० कोटींची भरपाई मंजूर केली. रक्कम मलाही अवाच्या सवा वाटते, अशा निकालांनी उद्या छोटे पत्र बंदच पडेल. पण आपला कायदा प्रकाशनानंतर हतबल असतो, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यावरची बंदी वेगळी आहे. ती कायद्यातच आहे, आणि तिच्यासाठी मंत्र्यांनी सरसकट मनाई मागण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप माध्यमांवरचा आहे, आणि तो रास्त आहे. कस्तुरी वाहिनी माजी मुख्यमंत्री कुमारस्वामी यांच्या कुटुंबाची, जनश्री खाणमालक जनार्दन रेड्डींच्या गोटातून निघालेली, सुवर्ण न्यूज आणि कन्नड प्रभा भाजप नेते राजीव चंद्रशेखर यांच्या कंपनीकडे. असे असताना वाचकाने कोणाच्या शब्दावर भिस्त ठेवायची? म्हणूनच तर पडताळणीची सोय उघडी हवी. मालक कोण हे माहीत असलेला वाचक चार ठिकाणी वाचतो, ताडून पाहतो. सरसकट मनाईत चौथे ठिकाण, बहुधा बिनमालकाचे छोटे पत्र, सगळ्यांत आधी गप्प होते. पुढाऱ्याच्या वाहिनीला वकिलांची वानवा नसते.

छापून येऊ दिले आणि मग तपासले तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या देणग्या आणि सिमेंटचा कोटा यांचा संबंध मांडला. सरकारपक्षाने आकांडतांडव केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी मुख्यमंत्र्यांविरुद्ध निकाल दिला. अंतुले पायउतार झाले. आजही त्या लेखावर लोक विश्वास ठेवतात तो शौरींच्या नावामुळे नाही. ज्याच्यावर आरोप होता त्याला उत्तर द्यायची पूर्ण संधी मिळाली आणि तरीही मजकूर टिकला, म्हणून. पुढे अंतुले यांच्यावरचा फौजदारी खटला वर्षानुवर्षे लांबला, पण ती वेगळी कथा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा पुन्हा सांगितले आहे. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात, म्हणजे ऑटो शंकर या गुन्हेगाराच्या आत्मकथेच्या प्रकरणात, सरकारला वा अधिकाऱ्यांना बदनामीच्या भीतीने प्रकाशन आधीच रोखता येणार नाही असे म्हटले गेले. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने खालच्या कोर्टांना बजावले की खटल्याआधीची मनाई अपवादानेच द्यावी, कारण ती मजकुरासाठी मृत्युदंड ठरू शकते. त्यानंतर सव्वा वर्षाने बंगळुरूतून ८,८४२ दुव्यांचा हुकूम निघाला. तेव्हा तत्त्वाची उणीव नाही, खालच्या कोर्टातल्या शिरस्त्याची आहे. त्यावर पहिला उपाय साधा आहे : ई-मेलने चोवीस तासांची नोटीस. प्रतिवादी कोणत्याही शहरातले असले, तरी त्यांचे पत्ते दाव्यात लिहिलेले असतातच. वादी लोकप्रतिनिधी असेल तर एकतर्फी हुकमाची कारणे लेखी आणि सविस्तर हवीत, आणि हुकूम उच्च न्यायालयात टिकला नाही तर प्रतिवादीचा खर्च वादीच्या खिशातून निघायला हवा. नाममात्र फीत साठ संस्थांची तोंडे बंद होत असतील तर कोणता पुढारी हा मोह टाळेल?

यात सत्तांतराने फरक पडेल अशी आशा ठेवू नये. २०२५ मध्ये कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारच्या खोट्या बातम्यांविरुद्धच्या विधेयकाचा जो मसुदा बाहेर आला, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होता, आणि निवाडा करणाऱ्या प्राधिकरणाच्या प्रमुखपदी मंत्री. मनाई मागणारा निदान कोर्टात तरी जातो.

विधानसौधाला, म्हणजे राज्याच्या सत्तेला, खरोखर उत्तर द्यायला लावणारी एक संस्था बंगळुरूत होती. २०११ मध्ये तिच्या बेकायदा खाणकामावरच्या अहवालाने मुख्यमंत्री येडियुरप्पांना जावे लागले. २०१६ मध्ये सिद्धरामय्या सरकारने वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापून तिचे दात काढून घेतले, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते परत बसवले. त्या लोकायुक्ताविषयी पुढच्या आठवड्यात.