चेनसॉची नवी चेन घेताना ‘इंच’ सांगून भागत नाही!



पाऊस सरला की जुन्या आंबा कलमांची छाटणी सुरू होईल. वर्षभर कोपऱ्यात पडलेला चेनसॉ बाहेर निघेल, आणि बऱ्याच जणांना कळेल की चेन संपली आहे. मग घाईत दुकान गाठायचं आणि म्हणायचं, "अठरा इंचाची चेन द्या." चूक इथेच होते.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने अशीच चेन आणली. लांबी बरोबर वाटली, पण चेन खाचेत सैल बसली. दुसऱ्याच फांदीला ती बारवरून उतरली आणि हातमोज्यावर आपटली. हात वाचला, पण चेनचे पैसे आणि छाटणीचे दोन दिवस गेले.

१८ इंच ही फक्त बारची लांबी. त्याच लांबीच्या बारला एका यंत्रावर ६८ कड्यांची चेन लागते, तर दुसऱ्यावर ७२ कड्यांची. म्हणून तीन आकडे बघा. बहुतेक बारवर ते इंजिनाकडच्या टोकाला कोरलेले असतात. माती-तेल पुसलं की दिसतात.

*१) पिच (कड्यांमधलं अंतर):* आकडा पुसला गेला असेल तर चेनचे लागोपाठ तीन रिबीट घ्या. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजून निम्मं करा. हे अंतर साधारण साडेसोळा मिलिमीटर आलं तर पिच ०.३२५, एकोणीसच्या आसपास आलं तर ३/८. ३/८ मध्ये 'लो प्रोफाइल' हा वेगळा प्रकार असतो. लहान यंत्रांना तो लागतो. दोन्हींची अदलाबदल करू नका.

*२) गेज (जाडी):* बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी. १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. जाड कडी खाचेत शिरत नाही, हे लगेच कळतं. खरा धोका बारीक कडीचा: ती बसते, पण डुलते, वाकडी कापते आणि उतरते.

*३) कड्यांची संख्या:* खाचेत जाणाऱ्या खालच्या टोकदार कड्या मोजा, वरचे कापणारे दात नव्हे. एका कडीला खडूने खूण करून सुरुवात करा.

मोजण्याआधी इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली आणि हातात मोजे. हे विसरू नका.

*दात कोणते घ्यावे?* चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ, मऊ लाकडात झपाट्याने चालतो, पण धूळ-माती लागली की लवकर बोथटतो. आपल्याकडे खोडावर जांभ्याची धूळ असते, वाळलेल्या फांद्या कडक असतात. म्हणून गोलसर कोपऱ्याचा दात (सेमी-चिझल) मागा. थोडा सावकाश कापतो, पण धार टिकते. बोथट चेन साल फाडते, आणि फाटलेली जखम भरायला वेळ लागतो. काप स्वच्छ असला तरी बोर्डो पेस्ट लावायचीच.

*जुनी चेन कधी टाकायची?* दातावरच्या खुणेपर्यंत झीज झाली, दात ४ मिलिमीटरच्या आसपास उरला, कडीला तडा दिसला किंवा ताण पूर्ण देऊनही चेन सैल राहिली, की ती बाद. फक्त धार गेली असेल तर नवी घेऊ नका, कानस मारा. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची.

नवी चेन लावताना स्प्रॉकेटही बघा. त्यावर खोल चरे पडले असतील तर बदला, नाहीतर नवी चेनही लवकर झिजेल. बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. चेन आधी तेलात भिजवा, दोन-तीन मिनिटं कमी वेगात, काही न कापता फिरवा, थंड झाल्यावर ताण पुन्हा बघा. काम संपल्यावर ताण थोडा सैल करा. तापलेली चेन थंड होताना आखडते.

दुकानात जाताना जुनी चेन आणि बार दोन्ही सोबत न्या. नाहीतर बारवरच्या आकड्यांचा स्पष्ट फोटो काढून कड्यांच्या संख्येसह याच नंबरवर पाठवा. आपण जुळवून सांगू. एकाच मापाच्या मागण्या जमल्या तर कंपनीमार्फत एकत्र खरेदी करता येईल.

चेन शंभरदा बदलता येते, बोटं नाही. आकडे बघूनच घ्या.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी