मुक्कामी बोट आणि यवतमाळचं पोट

यवतमाळहून पश्चिमेला निघा नाही तर पूर्वेला, सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाचशे किलोमीटरच्या अलीकडे खारं पाणी लागत नाही. आपलं मोठं पाणी म्हणजे इसापूर, बेंबळा, अरुणावती. पोहायला शिकायचं ते विहिरीत. तरीही मालवण-तारकर्लीला जाऊन, प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखालचे मासे बघून आलेली मंडळी आता आपल्याकडेही भेटतात. त्यातल्या एखाद्याला पुढचं वेड लागतं. आधी रीतसर स्कूबाचा कोर्स, मग आठवडाभर बोटीवरच राहणं, तिथेच जेवणं-झोपणं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह. या बोटींना जगभर ‘लाइव्हअबोर्ड’ म्हणतात. आपण मुक्कामी बोट म्हणू. पावसाळ्यात बंद असलेलं कोकणातलं डाइव्हिंग दिवाळीच्या सुमारास पुन्हा रुळलेलं असतं आणि मालदीवमध्ये वारा दिशा बदलत असतो. तेव्हा बेत आखायला हे दिवस बरे.

सकाळी जाऊन संध्याकाळी किनाऱ्याला परतता येणार नाही, अशा ठिकाणी मुक्कामी बोट लागते. महाराष्ट्रासमोरच अशी एक जागा आहे. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, समुद्रात बुडालेलं एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असून त्यावर प्रवाळ वाढलं आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. आजवर तिथे उतरले ते मुख्यतः संशोधक. हौशी मराठी डायव्हर मुक्कामी बोटीसाठी सहसा मालदीव गाठतो, क्वचित थायलंड किंवा इजिप्त.

बोट निवडताना बहुतेक जण आधी केबिनचे फोटो बघतात. आधी बघायचा तो समुद्र. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात शांत आणि स्वच्छ. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा. लाटा वाढतात, पाणी गढुळतं, पण त्याच गढूळ पाण्यातल्या प्लवकांमागे मांटा रे मासे येतात. थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. वारा चुकला की झुंबराच्या केबिनमध्येही माणूस बादली धरूनच बसतो.

मग मार्ग. मालदीवमधल्या बोटी शक्यतो प्रवाळकड्यांच्या, म्हणजे अटोलांच्या, आतल्या शांत पाण्यात नांगर टाकून रात्र काढतात. एका अटोलमधून दुसऱ्यात जाताना काही तास उघडा समुद्र लागतो, हलायचं ते तेव्हा. शिवाय डाइव्हसाठी ‘धोनी’ नावाची वेगळी छोटी बोट सोबत असते, त्यामुळे सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज आणि धूर मुख्य बोटीपासून दूर राहतो. लाल समुद्रातली ब्रदर्स बेटं किंवा डीडॅलसचं प्रवाळ मात्र भर समुद्रात आहे. तिथे पोचायला लांबची रात्र काढावी लागते आणि गाठीला ५० डाइव्हची नोंदही मागतात. ज्याला एसटीतच गाडी लागते त्याने पहिली सफर मालदीवच्या मधल्या अटोलांत, जानेवारी ते एप्रिलमध्ये करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र प्रवाह तिथेही जोरकस असतात. ३० मीटरपर्यंत जाण्याची मुभा देणारं अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि थोडा सराव आधी हवा.

एक गोष्ट विचारायला लोक संकोचतात, ती म्हणजे आगीची. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डाइव्ह बोट पेटली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी दगावले. झोपायच्या जागेतून बाहेर पडायचे दोन रस्ते होते, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होते आणि ते दालनच जळत होतं. रात्री फिरता पहाराही नव्हता. म्हणून बुकिंगच्या आधीच विचारावं: केबिनमधून दोन वेगळ्या ठिकाणी निघणाऱ्या वाटा आहेत का, रात्री जागं कोण असतं, कॅमेरे आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, बोटीवर ऑक्सिजन आहे का. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याची बोट सोडून द्यावी, सवलत कितीही मोठी असो.

आता पोटाकडे वळू. बोट लागणं म्हणजे काय? आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. केबिनच्या भिंतीकडे बघणारे डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे, कान म्हणतो आपण वरखाली होतोय. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि भोग पोटाच्या वाट्याला येतात. सगळ्यात वाईट हेलकावा साधारण पाच सेकंदांत एकदा वर आणि एकदा खाली नेणारा. बोट लागण्याचा कोरड्या जिल्ह्यात जन्मण्याशी संबंध नाही. इंग्लंडचा दर्यासारंग नेल्सन आयुष्यभर बोटीवर आजारी पडत राहिला आणि डार्विनने ‘बीगल’वरची १८३१ ते १८३६ ही सफर मळमळ सोसतच केली.

अमेरिकेच्या नौदलाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस गॅलॉडेट कॉलेजमधल्या ११ बधिर पुरुषांवर प्रयोग सुरू केले. बहुतेकांच्या आतल्या कानाची तोलयंत्रणा मेंदुज्वराने निकामी झालेली होती. नोव्हा स्कॉशियाच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीने नेलं तेव्हा ते निवांत पत्ते खेळत बसले. संशोधक मात्र इतके आजारी पडले की प्रयोग गुंडाळावा लागला. कानाचा दोष किती, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

उपाय साधे आहेत. एसटीत मागच्या सीटवर जो दणका बसतो तो मधल्या सीटवर बसत नाही, बोटीचंही तसंच. मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते, मात्र आगीचा वरचा प्रश्न विचारून मगच ती घ्यावी. जागं असताना डेकवर यावं, क्षितिजाकडे बघावं, मोबाइल खिशात ठेवावा. पोट रिकामंही नको आणि तट्ट भरलेलंही नको. आलं चघळून काहींना बरं वाटतं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं, म्हणून पहिल्याच रात्री निराश होऊ नये.

गोळ्यांबद्दल दोन बाबी महत्त्वाच्या. एव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, आणि सिनारिझिन या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात, उलटी होऊ लागल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. उलटीवर सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉन प्रवासाच्या मळमळीवर कमजोर पडते. दुसरी बाब झोपेची. एव्होमिनने गुंगी येते, आणि पाण्याखाली गुंगी परवडत नाही. डाइव्हिंगचा उल्लेख करून डॉक्टरांना विचारावं आणि निवडलेली गोळी आधी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघावी.

खुद्द पाण्याखाली गेलं की बऱ्याच जणांची मळमळ थांबते, कारण खोलीवर लाटांची ओढ कमी होते. त्रास असतो तो अंगावर सगळा सरंजाम चढवून हलत्या बोटीवर ताटकळण्याचा. तेव्हा डाइव्ह गाइडला आधी सांगून पहिल्या तुकडीत उतरावं. तरीही पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर, म्हणजे श्वास घेण्याचं साधन, तोंडातच धरून त्यातूनच करायची आणि पर्जचं बटण दाबून तो साफ करायचा. ऐकायला किळसवाणं आहे, पण रेग्युलेटर काढला तर उलटीनंतरचा हपापलेला श्वास पाणी आत ओढतो. खूप उलट्या झाल्या असतील तर मात्र तो दिवस डाइव्ह नको. शरीर कोरडं पडलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो असं मानतात. ओआरएसची पाकिटं गावाहूनच घेऊन जावीत. उन्हाळा काढलेल्या यवतमाळकराला ती कशी घ्यायची हे सांगावं लागत नाही.

अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, म्हणून शेवटचा दिवस कोरडाच धरावा. उतरल्यावर एक-दोन दिवस पायाखालची जमीन डोलल्यासारखी वाटते. ते आपोआप जातं. तोवर नागपूरहून यवतमाळपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्यावी.