सगळेच चिरंजीव झाले तर?



लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी आपण 'चि.' लिहितो. चिरंजीव म्हणजे पुष्कळ काळ जगणारा. थोरांच्या पाया पडलो की 'औक्षवंत हो' असा आशीर्वाद मिळतो. हा आशीर्वाद सर्वांच्याच बाबतीत खरा ठरला तर समाज कसा होईल? वाचनालयाच्या तासाला काही मुलांनी आम्हाला एल्फ लोकांविषयी विचारले, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

एल्फ हे युरोपातील लोककथांतून आलेले काल्पनिक लोक. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीमुळे आणि पुढे चित्रपटांमुळे ते मुलांच्या ओळखीचे झाले. टॉल्किन यांचे एल्फ लढाईत मारले जाऊ शकतात, परंतु म्हातारपणाने मरत नाहीत. आपल्याकडेही अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य व परशुराम असे चिरंजीव सांगितले आहेत. पण ते सातच! एल्फांची तर सगळी वस्तीच दीर्घायुषी.

अशा समाजात पहिला फरक पडेल तो मुलांच्या संख्येत. आपल्या काळी नदीच्या जंगलातील हत्ती पाहा. तो साठ-सत्तर वर्षे जगतो. हत्तीण सुमारे २२ महिने गाभण असते, तिला बहुधा एकच पिल्लू होते आणि दुसरे व्हायला चार-पाच वर्षे जातात. उलट उंदराचे आयुष्य एक-दोन वर्षांचे, पण त्याला वर्षातून अनेक वेळा पिल्ले होतात. हत्तीला उंदरासारखी पिल्ले झाली असती तर जंगलात एक पान शिल्लक राहिले नसते. म्हणून एल्फांनाही मुले थोडीच होणार. त्यांच्या शाळेत विद्यार्थी एक आणि शिक्षक पन्नास असतील!

दुसरा फरक घराच्या कारभारात. वडीलच हजार वर्षे जगले तर जमीन आणि किल्ल्या मुलाच्या हाती कधी येणार? महाभारतातील ययातीची कथा हेच सांगते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलेल्या ययातीने आपल्या मुलांकडे तारुण्य मागितले. धाकट्या पुरूने ते दिले. हजार वर्षे भोग भोगूनही तृप्ती होत नाही, हे कळल्यावर राजाने पुरूला तारुण्य परत केले आणि राज्यही दिले. वि. स. खांडेकरांनी याच कथेवर 'ययाति' ही कादंबरी लिहिली (१९५९).

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे, तो विचारांचा. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली वारले, म्हणजे १०४ वर्षे जगले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. दीर्घ आयुष्यामुळे त्यांना आपल्या कामाचे फळ पाहता आले. आता कल्पना करा, बहिष्कार घालणारे सगळेही तेवढेच जगले असते आणि गावचा निर्णय त्यांच्याच हाती राहिला असता, तर? समाज बदलतो तो समजावण्याने, आणि नव्या पिढीच्या येण्यानेही. एल्फांकडे नवी पिढीच थोडी, म्हणून जुना हट्टही तिथे दीर्घायुषी असणार.

हा प्रश्न आता निव्वळ कल्पनेतला राहिलेला नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, ते आता सत्तरच्या घरात आहे. पूर्वी लहान मुले फार दगावत, म्हणून सरासरी इतकी कमी होती. आज मुले वाचतात, वडीलधारेही अधिक जगतात. एका घरात चार पिढ्या नांदू लागल्या आहेत. तेव्हा वेळेवर किल्ल्या सोपवणे थोरांनी शिकले पाहिजे आणि वेळेवर विचारणे लहानांनी.

विचारायचे काय? आपल्याच तालुक्याचे उदाहरण घ्या. गणेशगुडीचे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. तालुक्याचे जुने ठिकाण असलेले सुपा गाव पाण्याखाली गेले आणि अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. एल्फांच्या बाबतीत असे घडले असते तर हजार वर्षांनीही ते गाव पाहिलेले लोक हयात असते, कोणाला काही लिहून ठेवावे लागले नसते. आपले तसे नाही. तेव्हा तिशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. बाजार कुठे भरायचा, देऊळ कोणत्या बाजूला होते, हे त्यांनाच ठाऊक आहे.

आमच्या मते शाळा, पुस्तक आणि ही पत्रिकासुद्धा अल्पायुषी माणसाने केलेल्या सोयी आहेत. एकाचे आयुष्य पुरत नाही, म्हणून आपण दुसऱ्याला शिकवतो. मुलांनो, या सुट्टीत आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. जुने सुपा, रानातले कंद, ओव्या, जे सांगतील ते लिहा. चांगले लेख पुढील अंकात छापू.

सर्वांना दीर्घायुष्य लाभो, आणि ते सत्कारणी लागो!